इंडोनेशियाचे व्हिडिओवाले : जकार्ताबाहेरचा देश पडद्यावर आला तेव्हा

जावाकर

इंडोनेशियाचा विषय निघाला की आपल्याकडे बाली, रामायणावरचं नृत्य आणि जुन्या नोटेवरचा गणपती यापलीकडे गप्पा जात नाहीत. तिथली माणसं आज कशावर हसतात, टपरीवर कुणाची गाणी वाजतात, हे आपल्या वाचनात येतच नाही. मी नोकरीसाठी पूर्व जावात, सुराबायाजवळ राहतो. सहकारी सगळे स्थानिक. डबा खाताना त्यांच्या फोनवर जे चालतं ते बघता बघता गोडी लागली आणि मग मागचे-पुढचे संदर्भ शोधत गेलो. त्यातून एक मत पक्कं झालंय, ते मांडतोय. पटलं नाही तर जरूर भांडा.

तिथल्या यूट्यूबरांच्या बातम्या येतात त्या गाड्यांच्या, बंगल्यांच्या, लग्नांच्या. माझ्या मते या सगळ्या उलाढालीतली मोलाची गोष्ट दुसरीच आहे. जकार्ताबाहेरची साधी माणसं, आपल्या बोलीत, कुणाची परवानगी न घेता देशाला दिसायला लागली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९८९ मध्ये आरसीटीआय ही पहिली खासगी वाहिनी सुरू झाली आणि तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या. मालक जकार्तात, स्टुडिओ जकार्तात, बोलण्याची ढबही जकार्ताचीच. देशात जावानीज लोक सुमारे ४० टक्के, पण मालिकांमध्ये (तिथे त्यांना सिनेत्रोन म्हणतात) जावानीज हेल काढून बोलणारं पात्र बहुतेक वेळा घरकामाची बाई, ड्रायव्हर, नाहीतर हसण्यापुरता आणलेला गावंढळ. हे जावाच्या माणसाला टोचत होतं, पण सांगणार कुणाला?

२०१० साली बांडुंगच्या दोन कॉलेजच्या मुलींनी वेबकॅमसमोर बसून 'केओंग राचुन' या डांगडुट (तिथलं ठेकेबाज लोकप्रिय संगीत) गाण्यावर नुसते ओठ हलवले आणि त्या रातोरात घरोघरी पोचल्या. २०१२ मध्ये ब्लॉगवरून लेखक झालेल्या रादित्या दिकाने प्रेमात सतत तोंडघशी पडणाऱ्या एका पोराची मालिका यूट्यूबवर आणली. दोन्ही गाजलं, पण बोली बहुतेक शहरीच राहिली.

वळण आलं ते बायू स्काकसारख्यांमुळे. हा मलांगचा पोरगा. जावानीज भाषेत समोरचा कोण आहे त्याप्रमाणे बोलण्याच्या पायऱ्या असतात. वडीलधाऱ्यांशी वेगळे शब्द, दोस्तांशी वेगळे. बायू कॅमेऱ्यासमोर बसून थेट दोस्तांची भाषा बोलायचा, मलांगच्या कट्ट्यावर चालते तशी, शिव्यांसकट. पुढे २०१८ मध्ये त्याने 'योविस बेन' हा सिनेमा केला. आईच्या हातचं पेचेल (उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची आमटी ओतून करतात ते) विकणारा पोरगा बँड काढतो, अशी गोष्ट. बहुतेक संवाद जावानीजमध्ये, खाली इंडोनेशियन अक्षरं. राष्ट्रीय चित्रपटगृहांत जावानीज कोण बघणार, अशी कुरकुर झाली. सिनेमा चालला आणि त्याचे पुढचे भागही निघाले.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकार. 'तिलिक' हा अर्ध्या तासाचा लघुपट. योग्यकार्ताच्या रावाचाना फिल्म्सने २०१८ मध्ये केला, दिग्दर्शक वाहयू आगुंग प्रासेत्यो. महोत्सवांत फिरला, बक्षिसं मिळाली आणि मग ऑगस्ट २०२० मध्ये यूट्यूबवर टाकला. बघता बघता दोन कोटींवर लोकांनी पाहिला. गोष्ट एवढीच: गावातल्या बायका ट्रकच्या मागच्या हौद्यात उभ्या राहून शहरातल्या दवाखान्यात सरपंचबाईंना बघायला निघाल्यात. वाटभर बू तेजो नावाची बाई गावातल्या एका तरुण मुलीची उणीदुणी काढते. पुरावा काय, तर फोनवर फेसबुक उघडून फोटो दाखवते. यू निंग नावाची दुसरी बाई तिला अडवत राहते, खात्री केल्याशिवाय बोलू नये म्हणते. मधेच पोलीस ट्रक अडवतो, मालवाहू गाडीत माणसं का भरली म्हणून, तर सगळ्या बायका मिळून त्यालाच असं फैलावर घेतात की तो गाडी सोडून देतो. दवाखान्यात पोचल्यावर कळतं, पेशंट अतिदक्षता विभागात आहे, भेटता येणार नाही. त्यावर बू तेजो म्हणते, आलोच आहोत तर बाजार करून जाऊ. तिचा तो 'माणसानं तोडगा काढणारं असावं' असा संवाद पुढे कितीतरी दिवस टी-शर्टवर नि स्टिकरवर झळकत होता.

अर्धा तास, एक ट्रक, सगळ्या बाया जावानीजमध्ये बोलतायत. हे कुठल्या वाहिनीने घेतलं असतं? प्रादेशिक सरकारच्या सांस्कृतिक निधीतून पैसा मिळाला म्हणून तो बनला आणि यूट्यूब होतं म्हणून देशाने पाहिला.

गाण्यांचंही तेच. मध्य जावातल्या सोलो शहराचे गायक दिदी केम्पोट ऐंशीच्या दशकापासून जावानीजमध्ये विरहाची गाणी गात होते. दूर सुरिनामपर्यंत, तिथल्या जावानीज वस्तीत लोकप्रिय. पण तरुण पोरांना ते आईबापांचे गायक वाटायचे. २०१९ मध्ये सोलोतल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ पसरले. वीस-बावीस वर्षांची पोरं भर गर्दीत हात वर करून, रडत, प्रत्येक ओळ म्हणतायत. मुलाखती झाल्या आणि पन्नाशी ओलांडलेला हा माणूस 'तुटलेल्या हृदयांचा गॉडफादर' झाला. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी घरून केलेल्या मदत-कार्यक्रमात सात अब्ज रुपियांहून जास्त निधी जमला आणि ५ मे २०२० ला ते गेले. त्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये दुसरं काही वाजलंच नाही.

तुम्हाला काय वाटतं? बोलीभाषेतल्या माणसाला व्हिडिओने खरंच जागा दिली, की हे मला जावात बसून तसं दिसतंय?

रानवारा

धागा एकदम आवडला, वाचनखूण साठवली.

तुम्ही 'छैय्या छैय्या'वाल्या पोलिसाला विसरलात! २०११ मध्ये आपल्याकडच्या बातम्यांतही तो दाखवला होता. गणवेशात, चौकीत खुर्चीवर बसून काय तो अभिनय, काय त्या माना वेळावणं. त्याचं पुढे काय झालं?

जावाकर

@रानवारा, विसरलो नाही, त्याला स्वतंत्र जागा द्यायची होती. नॉर्मन कामारू, सुलावेसीतल्या गोरोन्तालोचा सशस्त्र पोलीस दलातला जवान. कामावर असताना गाण्यावर ओठ हलवले म्हणून आधी वरिष्ठ चिडले. पण लोक त्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा हेच खातं त्याला जकार्ताला पाठवायला तयार झालं. टीव्हीवर झळकला, गाणं काढलं. हजेरी राहिली मागे आणि २०११च्या अखेरीस तो बडतर्फ झाला. काही वर्षांनी तो जकार्तात मनाडो पद्धतीची भाज्या घातलेली तांदळाची पेज विकताना दिसला, तेव्हा पुन्हा बातम्या झाल्या.

मला तो त्या काळाचा नेमका प्रतिनिधी वाटतो. व्हिडिओ त्याचा होता, पण तेव्हा प्रसिद्धीचं पैशात रूपांतर करायचं तर टीव्हीच्याच दारात जावं लागायचं. टीव्हीने काही महिने वापरला आणि सोडून दिला. पाच-सहा वर्षांनी आला असता तर स्वतःच्या चॅनेलवर घर चालवलं असतं.

नीलाक्षी

लेख मनापासून लिहिलाय, पण निष्कर्षाशी असहमत.

मी काही वर्षं दक्षिण जकार्तात होते. माझ्या शेजारच्या मुलांच्या फोनवर कोण दिसायचं? राफी अहमद आणि नगीता स्लाविना. दोघंही मूळचे टीव्हीचे तारे. रान्स नावाचं त्यांचं चॅनेल म्हणजे घर, मूल, नोकरचाकर, खरेदी. डेडी कॉर्बुझियर टीव्हीवरचा जादूगार नि मुलाखतकार, तो पॉडकास्ट घेऊन आला. म्हणजे गावाकडच्या पोरांनी दार उघडलं आणि आत जाऊन बसले ते जुनेच लोक.

एके काळी दा लोपेझ हे दोन भाऊ ज्यात होते त्या एका गाण्यामुळे 'यूट्यूब टीव्हीपेक्षा भारी' ही घोषणा तिकडे पोराटोरांच्या तोंडी होती. २०२१ मध्ये त्या भावांनी स्वतःच आपल्या चॅनेलचा निरोप घेतला. तोवर लोकप्रिय व्हिडिओंच्या यादीत टीव्ही कार्यक्रमांचे तुकडे आणि ताऱ्यांचे संसार खच्चून भरलेले असायचे.

आणि 'आत्ता' हालिलिन्तार (हे त्याचं नावच)! अकरा भावंडांच्या घरातला थोरला, आईवडिलांसकट सगळं घरच व्हिडिओत. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक कोटी सदस्यांचा टप्पा गाठणारा आग्नेय आशियातला पहिला यूट्यूबर. एप्रिल २०२१ मध्ये गायक दांपत्याच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. साक्षीदार कोण, तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो आणि संरक्षणमंत्री प्राबोवो. लग्न थेट दाखवलं कुणी? आरसीटीआयने! कोरोनाचे दिवस, लोकांना आपल्या माणसांच्या लग्नाला जायची चोरी, आणि सरकारी सचिवालयाच्या अधिकृत खात्यावर या लग्नाचे फोटो. लोक चिडले ते बरोबरच होतं.

यात बोलीभाषेचा विजय मला कुठे दिसत नाही. सत्ता, टीव्ही आणि यूट्यूब यांची सोयरीक तेवढी दिसते.

मास्तर_नगरचे

नीलाक्षीताईंशी सहमत, आणि एक भर. याच आरसीटीआयने २०२० मध्ये घटना न्यायालयात अर्ज केला होता की इंटरनेटवरून होणारं थेट प्रक्षेपणही प्रसारण कायद्याखाली आणा. तो अर्ज जानेवारी २०२१ मध्ये फेटाळला गेला. फेटाळला नसता तर गावातल्या पोराला फोनवरून लाइव्ह जायलाही परवाना लागण्याची वेळ आली असती. एकाच वर्षात कोर्टात भांडण आणि मांडवात नातं. मला यात विसंगती वाटत नाही. प्रेक्षक ज्याच्याकडे, त्याला एकतर बांधायचं नाहीतर आपलं करायचं, हे धंद्याचं गणित आहे.

खान्देशकन्या

मला मात्र जावाकरांचं म्हणणं आतून पटलं. आमच्या अहिराणीचं बघा ना. टीव्हीवर अहिराणी बोलणारं पात्र किती वेळा दिसलं? यूट्यूबवर मात्र अहिराणी गाण्यांना कोटींनी प्रेक्षक आहेत, लग्नाच्या वरातीत तीच वाजतात. त्यात कुणी करोडपती झालं की नाही हा वेगळा प्रश्न. माझ्या भाचरांना आपल्या बोलीची लाज वाटत नाही, ही मला मोठी कमाई वाटते.

एक फरक मात्र जाणवतो. आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं आणि खेड्यातल्या कितीतरी बायाबापड्यांचा जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला. इंडोनेशियात तसं झालं नाही ना?

जावाकर

@खान्देशकन्या, तिथेही जुलै २०१८ मध्ये बंदी आली होती, अश्लील मजकुराच्या कारणाने. आठवडाभरात उठली. पुढे २०२३ मध्ये वाद झाला तो टिकटॉकवरच्या दुकानदारीचा. जकार्तातलं तानाह आबांग हे कपड्यांचं प्रचंड मोठं घाऊक मार्केट. तिथले व्यापारी गिऱ्हाईक नाही म्हणून हवालदिल, आणि तिकडे फोनवर मुली तासन् तास लाइव्ह उभ्या राहून तेच कपडे स्वस्तात विकतायत. सरकारने समाजमाध्यमावर थेट विक्री करायला मनाई केली आणि ऑक्टोबरमध्ये ते दुकान बंद झालं. डिसेंबरमध्ये टिकटॉकने टोकोपीडिया या स्थानिक कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि दुकान परत सुरू.

@नीलाक्षी, तुमचं वर्णन शंभर टक्के खरं आहे. पण राफी नि आत्ता हालिलिन्तार वर बसले म्हणून खाली जे उगवलं ते खोटं ठरत नाही. डेनी चाकनान बघा. न्गावी या छोट्या जिल्ह्याच्या पर्यावरण खात्यात कंत्राटी नोकरी करणारा माणूस. गावातल्या कार्तोन्योनो चौकाच्या नावावर जावानीज गाणं केलं, २०१९ मध्ये यूट्यूबवर टाकलं, आज तो देशातल्या मोठ्या गायकांत आहे. आणि १७ ऑगस्ट २०२२ ला, स्वातंत्र्यदिनी, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात बन्युवांगीच्या एका बारा वर्षांच्या मुलाने जावानीज गाणं म्हटलं. आधी रस्त्यावर गाऊन पैसे मिळवणारा पोरगा, व्हिडिओमुळे पुढे आलेला. मंत्री, सेनापती, पारंपरिक वेशातल्या त्यांच्या बायका, सगळे उठून नाचायला लागले. १९९५ मध्ये हे घडलं असतं?

टेकडीवरचा

प्रासादात नाचले, ठीक. पण त्याच वाटेने राजकारणी फोनमध्ये शिरले त्याचं काय? जोको विडोडोंचा धाकटा मुलगा काएसांग आधी यूट्यूबवर थट्टामस्करीचे व्हिडिओ करायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये एका पक्षात गेला आणि काही दिवसांत त्या पक्षाचा अध्यक्ष. २०२४च्या निवडणुकीत माजी जनरल प्राबोवोंना टिकटॉकवर गुबगुबीत, नाचणारे आजोबा म्हणून विकलं गेलं. हुकूमशहा सुहार्तोंच्या काळातल्या अपहरणांचे आरोप ज्यांच्यावर आहेत त्यांना! ज्या मुलांनी सुहार्तोंची सत्ता गेली ते १९९८ पाहिलंच नाही त्यांना ते नाचणारे आजोबाच ठाऊक. प्राबोवो निवडून आल्यावर राफी अहमद राष्ट्राध्यक्षांचा विशेष दूत झाला. डेडी कॉर्बुझियरला तर त्याआधीच, २०२२ मध्ये, लष्करातला मानद लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला होता. तरुणांच्या आवाजाचं कौतुक करताना हा आवाज कुणी विकत घेतला हेही लिहायला हवं.

रानवारा

@टेकडीवरचा, दुसरी बाजूही आहे ना. त्याच निवडणुकीच्या तीन दिवस आधी, प्रचारबंदीच्या काळात, दांधी लाक्सोनो यांनी 'डर्टी व्होट' हा माहितीपट यूट्यूबवर टाकला. निवडणूक यंत्रणा कशी वाकवली जातेय हे तीन कायदेतज्ज्ञ कॅमेऱ्यासमोर समजावून सांगतात. लाखो लोकांनी पाहिला. निकाल बदलला नाही हे खरं, पण असं काही तिथल्या टीव्हीवर लागणं शक्यच नव्हतं.

आणि लाम्पुंगचे रस्ते! एप्रिल २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या तिथल्या एका मुलाने आपल्या प्रांताचे रस्ते किती भिकार आहेत यावर टिकटॉक केला. त्याच्याविरुद्ध पोलिसात तक्रार झाली, लोक खवळले, तक्रार बारगळली. मे महिन्यात स्वतः राष्ट्राध्यक्ष लाम्पुंगला जाऊन खड्ड्यांतून गाडीने फिरले आणि काही रस्त्यांची दुरुस्ती केंद्राने अंगावर घेतली.

मीरा_देशावर

सगळे मोठमोठ्या लोकांबद्दल बोलताय, म्हणून एक कळ लागलेली गोष्ट लिहिते.

जानेवारी २०२३, लोंबोक बेटावरचं एक खेडं. वयस्कर बायका गढूळ पाण्याच्या हौदात बसलेल्या. हातात टमरेल. टिकटॉक लाइव्ह सुरू. बघणाऱ्याने पैशाची भेट पाठवली की बाई टमरेल भरून थंडगार पाणी अंगावर ओतून घेणार. असं तासन् तास, रात्रीसुद्धा. आजीच्या वयाची बाई कुडकुडतेय आणि बाजूला भेटवस्तूंची चित्रं उडतायत. शेवटी समाजकल्याण मंत्री त्री रिस्माहारिनी यांनी म्हाताऱ्यांना असं वापरू नये म्हणून परिपत्रक काढलं. त्यातल्या काही जणींनी सांगितलं की शेतमजुरीपेक्षा यात जास्त मिळतं. मला त्या बायकांचा राग येत नाही. ते लाइव्ह बघत बसणाऱ्यांचा आणि त्यातून आपला वाटा कापून घेणाऱ्या कंपनीचा येतो.

बांडुंगमध्ये २०२० च्या रमजानमध्ये एका यूट्यूबरने तृतीयपंथी स्त्रियांना मदतीचे खोके म्हणून कचरा नि दगड वाटले होते. त्याला अटक झाली. 'साधी माणसं पडद्यावर आली' म्हणताना, कुणी कुणाला कशासाठी आणलं हे प्रत्येक वेळी विचारावं लागेल.

सदू_सातारा

मीराताई, वाचून गलबलून आलं.

यात एक जुनी चाल दिसते. जावात डांगडुटच्या कार्यक्रमात प्रेक्षक स्टेजवर जाऊन गायिकेवर नोटा उधळतात, त्याला सावेरान म्हणतात. आपल्या तमाशातली दौलतजादाच. आता तिथे सावेरिया नावाची वेबसाइट आहे. गेम खेळून दाखवणाऱ्याला लाइव्हमध्ये पैसे पाठवायचे, सोबत लिहिलेला निरोप यंत्राच्या आवाजात सगळ्यांसमोर वाचला जातो. नाव पुकारलं जाण्याची हौस तीच. फडावर निदान गायिका आणि उधळणारा समोरासमोर असायचे. गायिका पाठ फिरवू शकायची. हौदातल्या आजीला समोर कोण आहे तेच दिसत नाही.

नीलाक्षी

सदूदादा, हे फार नेमकं पकडलंत.

जावाकर, अजून एक विचारते. तुमचं सगळं जावाभोवती फिरतंय. जावा म्हणजे देशाचा सगळ्यात ताकदवान भाग. जावानीज माणूस राष्ट्राध्यक्ष होतोच की. मग बाकी बेटांचं काय? पूर्व टोकाच्या पापुआची माणसं कुठे आहेत या चित्रात?

जावाकर

योग्य प्रश्न. पापुआतल्या मेराउकेच्या तरुणांनी 'एपेन का चुपेन तो' नावाचे छोटे विनोदी व्हिडिओ केले होते. पापुआत मोप म्हणून चुटके सांगायची जुनी रीत आहे, तीच कॅमेऱ्यासमोर आणली, तिथल्याच मलय बोलीत. देशभर पाहिले गेले, पुढे त्या नावाचा सिनेमाही आला. त्याआधी टीव्हीवर पापुआ म्हणजे दंगल नाहीतर लंगोटी. आपल्या माणसांवर आपणच केलेला विनोद ही तिथे नवी गोष्ट होती.

दुसरं, उत्तर सुमात्राच्या हेलात बोलणारे चार विनोदवीर. त्यांचा 'आगाक लाएन' पॉडकास्ट, आणि त्याच नावाचा २०२४चा सिनेमा ९० लाखांहून जास्त लोकांनी तिकीट काढून पाहिला. चार ओबडधोबड पुरुष, कुणीही सिनेत्रोनच्या साच्यातला गोरापान नायक नाही.

पण पैसा, निर्मिती, जाहिराती आजही जकार्तातच ठरतात. आगाक लाएनवालेही राहतात राजधानीतच. तिथे तुमचा मुद्दा उभा आहे.

खान्देशकन्या

बघायला सुरुवात कुठून करू? भाषा येत नाही.

जावाकर

'तिलिक'पासूनच. भाषा कळली नाही तरी ट्रकमधल्या बायकांचे चेहरे बघा, बू तेजो फोन पुढे करते तेव्हा बाकीच्या कशा वाकतात ते बघा. मग दिदी केम्पोट यांचे २०१९चे सोलोतले कार्यक्रम, गायकापेक्षा गर्दीकडे लक्ष ठेवून. त्यानंतर बायू स्काकचे जुने व्हिडिओ. आणि 'डर्टी व्होट' राजकारणाची आवड असेल तर, लांब आहे, सवडीने.